आण, भाक आणि बेसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धात अल्बेनियातल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यूंना आपल्या घरांत लपवलं, आणि ‘का?’ असं विचारल्यावर त्यांनी ‘बेसा’ हा एकच शब्द सांगितला, असं तुमच्या वाचनात आलं. कुठे त्याचा अर्थ ‘वचन’ दिलेला, कुठे ‘श्रद्धा’, कुठे चक्क ‘युद्धबंदी’. मग हा शब्द मुळात काय आहे? तो आपल्या ‘विश्वास’चा अपभ्रंश आहे का, की ‘बेइमान’मधल्या फारसी ‘बे’चा नातलग? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

मी बावीस वर्षं अल्बेनियनमधून मराठीत भाषांतरं करतो आहे आणि यातल्या शेवटच्या प्रश्नापाशी आजही दर वेळी अडतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी शब्दाचं रूप. कोशात ‘बेसा’ सापडत नाही, सापडतो ‘बेस’. यातला शेवटचा ‘अ’ गिळायचा नाही. ओवी म्हणताना आपण शब्दाच्या शेवटी तो किंचित ठेवतो, तसा ठेवायचा. अल्बेनियनमध्ये ‘ठरावीक, ठाऊक असलेली वस्तू’ दाखवण्यासाठी नामाच्या शेवटी प्रत्यय लागतो. म्हणून ‘बेस’ म्हणजे कुठलीही एक, आणि ‘बेसा’ म्हणजे ती, दोघांना ठाऊक असलेली. उत्तरेकडच्या गेग बोलीत शेवटचा ‘अ’ बऱ्याचदा गळतो, दक्षिणेच्या तोस्क बोलीत तो ऐकू येतो. जगभर रुळलं ते ‘बेसा’ हे रूप, आणि ते स्त्रीलिंगी असल्यामुळे मराठीत ‘बेसेचा, बेसेत, बेसेला’ असं चालवायला काही अडचण येत नाही. मीही पुढे तसंच चालवतो.

शब्दाचा अर्थ कळायला कोशाआधी त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं बघावीत, असं मी शिकायला येणाऱ्यांना नेहमी सांगतो. बेसा देतात, घेतात, मागतात, धरून ठेवतात, बांधतात, मोडतात, तुडवतात. इथपर्यंत आपल्या ‘शब्द’ किंवा ‘वचना’सारखंच वाटतं. पण ‘दिलेला शब्द’ म्हणायला अल्बेनियनमध्ये ‘फ्याल’ हे वेगळं नाम आहे आणि तेही रोजच्या वापरात आहे. मग बेसेत जास्तीचं काय आहे? ते एका छोट्या शब्दयोगी अव्ययाने मला कळलं: ‘न बेस’, म्हणजे ‘बेसेत’. माणूस बेसेत असतो. घरात असावा, छपराखाली असावा, तसा.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते थेथला. उत्तर अल्बेनियातल्या श्कोदर शहराच्या उत्तरेला डोंगरांच्या खोबणीत हे गाव आहे. तिथे एक जुना दगडी बुरूज अजून उभा आहे. ज्यांच्यावर खुनाचा सूड उगवला जाणार होता, असे पुरुष पूर्वी त्यात कोंडून घेऊन बसायचे. भिंती जाड, खिडक्या इतक्या अरुंद की आत फक्त उजेडाची पट्टी येते. मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजोबांनी पहाटे कॉफी दिली, कोट चढवला आणि मला सोडायला निघाले. मी म्हटलं, वाट सरळ आहे, तुम्ही कशाला? ते म्हणाले, ‘पुलापर्यंत तू माझ्या बेसेत आहेस.’ पूल आला, त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मागे फिरले. त्या पहाटेला मला कसलाच धोका नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. पण पाहुण्याला किती अंतरापर्यंत सोबत करायची आणि यजमानाची जबाबदारी नेमकी कुठे संपते, हे त्यांच्याकडे ठरलेलं असतं. बेसेला हद्द असते. तिला मुदतही असते. आपल्या ‘विश्वासा’ला यातलं काहीच नसतं.

याच्या उलट बाजूचा वाक्प्रचार आणखी बोलका आहे. कोणी दगा दिला की अल्बेनियन म्हणतो, ‘त्याने त्याला बेसेत कापलं.’ जो निर्धास्त होता, छपराखाली होता, त्याला तिथेच कापलं. मराठीत आपण ‘केसाने गळा कापला’ म्हणतो. कापणं दोन्हीकडे आहे. आपण हत्यार सांगतो, ते जागा सांगतात.

आता कूळ. पहिल्यांदा दोन गैरसमज दूर करतो. ‘विश्वास’ हा ‘वि’ आणि ‘श्वस्’ यांतून आला आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणं. निर्धास्तपणे श्वास सोडता येणं हा त्याचा गाभा. ‘बेसा’शी त्याचा संबंध नाही, उच्चार जवळचा वाटतो एवढंच. ‘बेइमान’मधला ‘बे’ हा फारसीतला अभाव दाखवणारा उपसर्ग आहे. अल्बेनियनमध्येही ‘बे’ नावाचा स्वतंत्र शब्द आहे खरा, पण त्याचा अर्थ आहे ‘शपथ, आण’. दोन्ही ‘बे’ सारखे दिसतात तो निव्वळ योगायोग.

मात्र हा अल्बेनियन ‘बे’ महत्त्वाचा आहे, कारण ‘बेसा’ त्याच्याच कुळातली. ‘बे’ म्हणजे आण, ‘बेस’ म्हणजे त्या आणेमुळे उभी राहिलेली बांधिलकी, आणि ‘बिंद’ हे क्रियापद म्हणजे ‘पटवणं, मन वळवणं’. तिन्ही एकाच मुळाची पानं. भाषाशास्त्रज्ञ ते मूळ ‘भेइध्’ असं मांडतात आणि त्याचा अर्थ ‘भरवसा ठेवणं’ असा देतात. ग्रीकमधलं ‘पेइथो’, म्हणजे मन वळवणं, याच मुळाचं. लॅटिनमधलं ‘फिदेस’, म्हणजे निष्ठा किंवा श्रद्धा, तेही याचंच. आणि ‘फोएदुस’, म्हणजे दोन राज्यांमधला करार, तेही. या ‘फोएदुस’वरूनच आज आपण वर्तमानपत्रात वाचतो तो ‘फेडरल’ हा शब्द आला. श्रद्धा आणि तह हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं होतं. लॅटिनने त्यांची दोन घरं केली, अल्बेनियनने एकाच घरात ठेवले.

ही मांडणी हवेतली नाही. या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज-भाषेतला ‘भ’ अल्बेनियनमध्ये ‘ब’ होतो आणि ‘ओइ’ हा जोडस्वर ‘ए’ होतो, हे इतर शब्दांतही दिसतं. गुस्ताव मेयर यांचा व्युत्पत्तिकोश १८९१ साली स्ट्रासबुर्गला निघाला, व्लादिमीर ओरेल यांचा १९९८ साली. ओरेल यांनी या शब्दाचं प्राचीन अल्बेनियन रूप ‘बाइत्शा’ असं उभं केलं आहे. शेवटच्या ‘स’चा उलगडा कसा करायचा, यावर अभ्यासकांत वाद आहेत, भरवशाच्या मुळाशी असलेल्या नात्याला मात्र चांगला आधार आहे.

इथे मराठी वाचक हमखास विचारतो: ‘भेइध्’ म्हणजे आपलं ‘भेद’ तर नव्हे? नव्हे, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. ‘भेद’ ज्या ‘भिद्’ धातूचा, त्याच्या मुळात शेवटी साधा ‘द’ आहे, महाप्राण ‘ध’ नाही. त्याचा अर्थ फोडणं. एका महाप्राणाच्या फरकाने एक मूळ जोडतं आणि दुसरं तोडतं. ‘भेइध्’चं स्पष्ट अपत्य संस्कृतात दिसत नाही, त्यामुळे ‘बेसा’ला मराठीत सख्खा भाऊ नाही.

भाषा म्हणून मात्र अल्बेनियन आपली लांबची बहीणच आहे. ती इंडो-युरोपीय कुळाची स्वतंत्र शाखा आहे, असं फ्रान्झ बोप यांनी १८५४ साली सविस्तर मांडलं. तिथे हिवाळ्याला ‘दिमर’ म्हणतात. ते आणि आपलं ‘हिम’, ‘हिव’ एकाच मुळाचे. उत्तरेत विस्तवाला ‘झ्यार्म’ म्हणतात. ते आणि संस्कृत ‘घर्म’ एकच, आणि त्या ‘घर्म’चाच मराठीत ‘घाम’ झाला. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी वहीत ‘झ्यार्म’ आणि ‘घाम’ एकाखाली एक लिहून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अल्बेनियनमध्ये ‘धर्म’ या अर्थाचा शब्द आहे ‘फे’. तो लॅटिन ‘फिदेस’वरून उसना आलेला. म्हणजे एकच मूळ या भाषेत दोनदा शिरलं: एकदा आईच्या दुधातून ‘बेसा’ म्हणून, आणि दुसऱ्यांदा रोमन साम्राज्याबरोबर ‘फे’ म्हणून. लोकांनी दोघांना वेगळी कामं वाटून दिली. देवाशी असतो तो ‘फे’, माणसामाणसांत असते ती बेसा. तरीही सीमा पुसट राहिली, कारण ‘विश्वास ठेवणं’ याचं क्रियापद ‘बेसोय’ आहे आणि ख्रिस्ती श्रद्धासूत्राची सुरुवात याच शब्दाने होते. तोच ‘बेसोय’ बाजारातही चालतो. ‘पाऊस येईल का?’ ‘बेसोय’, म्हणजे ‘येईलसं वाटतं’.

बाकीचा गोतावळा झटपट सांगतो. बेसिम म्हणजे विश्वास. बेस्निक म्हणजे एकनिष्ठ. यातला ‘निक’ हा प्रत्यय शेजारच्या स्लाव भाषांतून आला. बेस्तित्नी म्हणजे अंधश्रद्धा. बेसलिध्ये म्हणजे ‘बेसेची गाठ’, अर्थात आघाडी: २ मार्च १४४४ रोजी स्कंदरबेग या अल्बेनियन सरदाराने लेझा या गावी इतर सरदारांना ऑटोमनांविरुद्ध एकत्र आणलं, त्या आघाडीला हेच नाव आहे. कॅथलिक बायबलात ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ यांतल्या ‘करारा’साठीही हाच शब्द वापरतात. मुलीचं नाव बेसा ठेवतात, मुलाचं बेस्निक किंवा बेसिम. आणि बोलताना ‘हो, बेसा’ म्हटलं की त्याचा अर्थ फक्त ‘हो, खरंच’ एवढाच.

‘इ पाबेस’ म्हणजे ज्याला बेसा नाही तो, दगाबाज. हा शब्द सीमा ओलांडून ग्रीकमध्ये गेला आणि तिथे ‘बाबेसिस’ झाला. ग्रीक माणूस आजही दगलबाजाला तेच म्हणतो, आणि भरवशाच्या माणसाबद्दल ‘त्याच्याकडे बेसा आहे’ असं म्हणतो. शेजाऱ्याने आपल्याकडून स्तुतीचा शब्द उसना घ्यावा आणि शिवीही, याहून मोठी पावती मला सुचत नाही. इस्तंबूलमध्ये १८७४ साली शेम्सेत्तिन सामी, म्हणजेच अल्बेनियन सामी फ्राशेरी, यांनी तुर्कीत याच विषयावर नाटक केलं. त्यांना नावातच शब्दाचा अर्थ सांगावा लागला: ‘बेसा, अर्थात अहदे-वफा’. अहद आणि वफा हे शब्द मराठी माणसाला गझलांमधून ठाऊक आहेत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी खुद्द एका अल्बेनियन लेखकालाही या एका शब्दासाठी दोन शब्द खर्च करावे लागले होते.

आता तुमच्या ‘युद्धबंदी’कडे येतो. उत्तर अल्बेनियाच्या डोंगरांत शतकानुशतकं तोंडी चालत आलेला कायदा म्हणजे ‘कानून’. शब्द तोच, आपला. लेक दुकाग्यिनी या पंधराव्या शतकातल्या सरदाराचं नाव त्याला चिकटलं आहे. श्त्येफन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तो गावोगाव फिरून टिपला. १९१३पासून तो श्कोदरच्या एका मासिकात क्रमाने येऊ लागला. १९२९ साली ग्येचोवींची हत्या झाली आणि पुस्तक १९३३ साली त्यांच्या पश्चात निघालं. त्याची १२ पर्वं आणि १२६२ कलमं आहेत. त्यात बेसेची व्याख्याच दिली आहे: मेलेल्याच्या घराने मारणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना दिलेली मोकळीक, ज्या मुदतीत सूड घ्यायचा नाही.

हे कसं चालायचं, ते जवळून बघा. खून झाला. मारणाऱ्याकडून मध्यस्थ मेलेल्याच्या घरी जातात आणि चोवीस तासांची बेसा मागतात. घराने ती दिली, की मारणाऱ्यानेच मयताला जायचं, प्रेताबरोबर कबरीपर्यंत चालायचं आणि मग त्या घरी बसून मयताचं जेवण जेवायचं. ज्याच्या मुलाला त्याने काल मारलं तो बाप त्याच ताटांच्या रांगेत असणार, आणि त्या दिवशी कोणी त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही. पुढे गावाने मध्ये पडून तीस दिवसांची बेसा मागायची. ती संपली की सूड पुन्हा मोकळा.

म्हणून ‘बेसा म्हणजे करुणा’ असं कोणी लिहिलेलं दिसलं की मला ते खोडावंसं वाटतं. कानूनमधली बेसा सूडाच्या व्यवस्थेच्या आतली वस्तू आहे. सूड नसता तर तिची गरजच पडली नसती. याच कानूनात असंही आहे की बापाचं, भावाचं, मुलाचं रक्त माफ करता येईल, पण पाहुण्याचं नाही. पाहुणा तुमच्या बेसेत असताना मारला गेला, तर त्याचा सूड तुमच्यावर येतो. शब्द उदात्त आहे आणि जीवघेणाही आहे, आणि भाषांतर करताना दोन्ही बाजू हातात ठेवाव्या लागतात. साम्यवादी राजवट कोसळल्यावर काही भागांत हे वैर पुन्हा डोकं वर काढू लागलं. आजही घरात कोंडून राहिलेल्या कुटुंबाच्या मुलांना शाळेत जाता यावं म्हणून समोरच्या घराकडे बेसा मागितली जाते.

आणि याच शब्दाच्या जोरावर वैरं मिटलीही. कोसोव्होमध्ये १९९० साली लोककथांचे अभ्यासक अंतोन चेत्ता विद्यार्थ्यांना घेऊन घरोघर गेले आणि त्यांनी लोकांना रक्ताची माफी द्यायला लावली. त्या वर्षी १ मे रोजी वेरात ए ल्युक्स इथल्या माळावर प्रचंड समुदाय जमला आणि कुटुंबामागून कुटुंबाने सर्वांसमक्ष हात पुढे केला. ज्या माणसाने आयुष्यभर हे शब्द कागदावर गोळा केले, त्यानेच ते माणसांना परत नेऊन दिले, याचं मला फार अप्रूप आहे.

महायुद्धातल्या गोष्टीचा अर्थ यातून लागतो. युद्धापूर्वी अल्बेनियात जेमतेम दोनशे ज्यू होते. सप्टेंबर १९४३मध्ये जर्मन फौजा आल्या तोवर इतर देशांतून पळून आलेल्यांची भर पडली होती. युद्ध संपलं तेव्हा तिथे ज्यूंची संख्या आधीपेक्षा जास्त होती. रेफिक वेसेली हा सतरा वर्षांचा मुलगा तिरानात मोशे मंदिल नावाच्या निर्वासित ज्यू छायाचित्रकाराकडे काम शिकत होता. जर्मन आल्यावर त्याने मंदिल कुटुंबाला क्रुया इथे आपल्या आईवडिलांच्या घरी नेलं आणि युद्ध संपेपर्यंत ते तिथेच राहिले. वेसेली कुटुंबाला १९८७ साली याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मारक संस्थेने ज्यूंचे प्राण वाचवल्याबद्दल गौरवलं; हा मान मिळालेले ते पहिले अल्बेनियन. मंदिल त्यांच्याकडे पाहुणे होते, बेसेत होते, आणि तो पूल अजून आला नव्हता. हे मात्र युद्धापूर्वीच्या अल्बेनियाच्या सीमांमधलं चित्र आहे. कोसोव्होत १९४४ साली अल्बेनियन शिपायांच्याच एसएस (नाझींच्या सशस्त्र दलाच्या) तुकडीने ज्यूंना पकडलं होतं. शब्द भाषेत असला म्हणून प्रत्येक जण तो पाळतोच असं नाही, नाहीतर ‘इ पाबेस’ हा शब्द घडलाच नसता.

आता मराठी. ‘विश्वास’ मी वापरत नाही. तो मनात राहतो, देता-मागता येत नाही. ‘वचन’ बोलण्यापाशी संपतं. ‘इमान’ जवळचं आहे, आणि ‘इ पाबेस’ला तर ‘बेइमान’ अगदी चपखल बसतो. पण इमान हा माणसाचा गुण असतो, त्याला मुदत नसते. कानूनमधल्या चोवीस तासांसाठी मी एकदा ‘कौल’ वापरून पाहिला. मराठेशाहीच्या कागदांत रयतेला किंवा व्यापाऱ्याला निर्धास्त येण्यासाठी कौल दिला जायचा, आणि अर्थाने ते जवळजवळ तंतोतंत जुळतं. पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला ‘कौल’ म्हटलं की देवळातला देवाचा कौल ऐकू येतो, म्हणून तो काढला. शेवटी जुन्या ‘आणाभाका’ हाती आल्या. आण म्हणजे ‘बे’, भाक म्हणजे ‘बेस’. दोघींची जोडी मराठीतही तशीच आहे आणि ‘भाकेला जागणं’ अजून कानाला परकं झालेलं नाही. कायद्याच्या मजकुरात मी ‘अभय’ लिहितो, लोककाव्यात ‘भाक’, आणि गद्य लेखनात ‘बेसा’ तशीच ठेवतो.

लोककाव्यात तरी नेमकं काय अडतं, ते एका ओळीवर दाखवतो. पंधराव्या शतकापासून अल्बेनिया सोडून दक्षिण इटलीत स्थायिक झालेल्या लोकांनी एक पोवाडा जपला आहे. नऊ भाऊ, एक बहीण. तिचं लग्न फार दूर ठरतं, आई नको म्हणते. धाकटा कोस्तांदिन आईला बेसा देतो, तू म्हणशील तेव्हा मी तिला घेऊन येईन. लढाईत नऊही भाऊ मरतात. आई कबरींवर दिवे लावत धाकट्याच्या कबरीपाशी येते आणि त्याला दोष देते: मला दिलीस ती बेसा कुठे आहे? तुझी बेसा मातीखाली गेली. त्या रात्री तो उठतो, कबरीच्या दगडाचा घोडा होतो, आणि बहिणीला दारापाशी सोडून तो परत कबरीत जातो.

मूळ ओळींत ‘तू दिलीस’ याला शब्द आहे ‘धे’, आणि ‘माती’लाही शब्द आहे ‘धे’. आईच्या तोंडून तेच एक अक्षर दोनदा येतं. देणं आणि गाडलं जाणं यांचा आवाज एकच. यातला पहिला ‘धे’ संस्कृत ‘दा’ धातूचा, म्हणजे आपल्या ‘दिली’चा खराखुरा नातलग आहे. तेव्हा ‘दिली’ ठेवायचीच होती. तिच्या जोडीला माती कुठून आणायची, यात माझे चार महिने गेले. सध्या वहीत असं आहे:

‘कुठे रे ती भाक, मला जी दिली?
भाक तुझी, बाळा, झाली धुळी.’